शंभराला पाच

काळूरामच्या थोरल्या भावाला, हरेश्वरला, भर समुद्रात वल्ह्यांनी मारलं. साल एकोणीसशे एकवीस. डोल जाळं ताणून धरायला कोळी समुद्रात खुंट रोवतात, आणि कुणाचा खुंट कुठे हे आज्यापणज्यापासून ठरलेलं असतं. त्या वर्षी खाडीपलीकडच्या गावाने काळूरामच्या गावाच्या, रेवदंड्याच्या, जागेत दोन खुंट ठोकले. इकडच्यांनी ते उपटून वाहत्या पाण्यात सोडून दिले. तिसऱ्या दिवशी दुपारी सात होड्या एकमेकींवर आदळल्या. सतरा वर्षांचा काळूराम भावाच्याच होडीत होता. हरेश्वर पाण्यात पडला, काठाला हात घालून वर येऊ लागला, तेव्हा समोरच्या होडीतल्या एकाने वल्ह्याचं पातं त्याच्या डोक्यात घातलं. एकदा नाही, चारदा. काळूरामने भावाचे केस मुठीत धरले होते. मूठ सुटली नाही, पण वर ओढलं तेव्हा हरेश्वर उरला नव्हता.

तेराव्यानंतर काळूराम अंगणात बसून कोयता परजू लागला. आई सोनूबाई तीन दिवस बघत राहिली. चौथ्या दिवशी तिने तो कोयता उचलून विहिरीत टाकला.

"आये, मना त्याचं तोंड ठावं हाय," काळूराम म्हणाला.

"त्याच्या आयशीलापन ठावं हाय," सोनूबाई म्हणाली. "उद्याच्या बोटीनं मुंबैला जा. आता दुसरा मुडदा मी धुवायची न्हाय."

मुंबईत एका कापडगिरणीच्या वीजखात्यात म्हसळ्याकडचे बाळाजी मिस्त्री हेड वायरमन होते. गाववाल्यांच्या ओळखीने काळूराम त्यांच्या हाताखाली लागला. मिस्त्री बोलत कमी, मारत जास्त. तार चुकीची जोडली की पक्कडीचा दांडा बोटांच्या पेरांवर, प्रश्न दोनदा विचारला की कानाखाली. काळूरामने पहिल्याच महिन्यात त्यांच्यावर हात उगारला होता. मिस्त्रींनी तो हात पिरगाळून त्याला भिंतीला लावलं आणि म्हणाले, "समुद्रातली मस्ती इथं दाखवू नको. इथली लाट दिसत नाही आणि बुडालेल्याला शोधावंही लागत नाही. तो जागेवरच काळा होऊन पडतो."

ह्याच माणसाने त्याला मोठ्या मीटरची विद्या शिकवली. घरातल्या दिव्यांची वीज सगळीच्या सगळी मीटरमधून जाते. पण गिरणीची शंभर-दोनशे अँपिअरची धार मीटरमधून सोडली तर मीटरचाच कोळसा होईल. म्हणून जाड तांब्याच्या पट्टीला एक जाडजूड कडं घालतात, त्याला करंट ट्रान्सफॉर्मर म्हणायचं. कामगारांच्या तोंडी ते सीटी. कड्यावर बारीक तारेचे वेढे असतात. पट्टीतून शंभर अँपिअर वाहिले की बारीक तारेतून पाच वाहतात. पट्टीला स्पर्शही न करता. मीटर ते पाच मोजतं, आणि वाचणाऱ्याने आकडा वीसने गुणायचा. तीन तारा, तीन सीटी.

"शंभराला पाच," मिस्त्री म्हणाले. "आता मीटर दुरुस्तीला काढायचं झालं, तर आधी काय करशील?"

"सीटीच्या तारा सोडीन."

कानाखाली बसली. उत्तर बरोबर येईपर्यंत त्या दिवशी तीनदा बसली. तार सोडायची नाही. आधी सीटीच्या दोन तोंडांवर तांब्याची छोटी पत्री टाकून ती एकमेकांना जोडायची, मग मीटरला हात लावायचा. त्या पाच अँपिअरना फिरायला वाट लागतेच, मीटरमधून नाहीतर पत्रीतून. दोन्ही वाटा बंद केल्या आणि पट्टीतून धार चालूच असली, तर त्या बारीक तारेच्या तोंडाशी शेकड्यांनी, हजारांनी व्होल्ट उभे राहतात. दिसायला ते पाच अँपिअरचं पोर, पण अडवलं तर माणूस खातं.

काळूरामने हे नुसतं ऐकलं नाही, पाहिलंही. दोन वर्षांनी एका नव्या वायरमनने गिरणी चालू असताना घाईत सीटीचा स्क्रू सैल केला. निळा जाळ उठला, तो माणूस मागच्या भिंतीवर आपटला, आणि त्याच्या दोन्ही तळव्यांची कातडी हातमोज्यासारखी सुटली. तो जगला. हॉस्पिटलातून गावी गेला आणि लोकांच्या हाताने जेवू लागला. बाळाजी मिस्त्रींनी त्या दिवशी कुणालाही मारलं नाही. जिन्यावर बसून राहिले.

काळूराम अकरा वर्षं मुंबईत राहिला. केसरशी लग्न झालं ते सुट्टीत, गावी. केसर मासळी विकणारी, चौलच्या बाजारात तिच्या आवाजापुढे कुणाचा आवाज चढत नसे. बत्तीस साली जिल्ह्यातल्या एका गावी खाजगी कंपनीने तेलाच्या इंजिनावरचं वीजघर घातलं आणि तिला मीटर तपासणारा जाणता माणूस हवा होता. मिस्त्रींनी शब्द टाकला. काळूराम खाकी सदरा घालून परत आला आणि सायकलवरून मैलोनमैल हिंडू लागला.

कंपनीचं सगळ्यात मोठं गिऱ्हाईक म्हणजे खाडीकाठची धर्माजीची भातगिरणी. धर्माजी एके काळी गवताच्या गंजी विकायचा. आता साठ घोड्यांची मोटर, उकड्या तांदळाच्या टाक्या, आणि पडावातून मुंबईला जाणारी पोती. बोलायला मऊ माणूस. मऊपणा परवडावा म्हणून त्याने रावजीला ठेवला होता. रावजी गिरणीचा मुकादम, आतल्या बाजूच्या भातकरी गावातला, आखाड्यात तयार झालेला. हमालाने पोतं फोडलं की रावजी त्याला त्याच पोत्याखाली दाबून वर बसायचा. एका बाईने कोंडा लुगड्यात नेला म्हणून त्याने तिच्या पाठीवर पट्ट्याचा तुकडा ओढला होता, आणि ती बाई दुसऱ्या दिवशी पुन्हा कामाला आली, कारण दुसरीकडे काम नव्हतं.

चौतीसच्या माघात काळूराम गिरणीवर गेला, तेव्हा त्याला मीटरची चकती खटकली. मोटर पूर्ण भरात होती. भिंतीवरचे तिन्ही अँपिअरमीटर नव्वदाच्या आसपास होते. एवढ्या भाराला चकती मिनिटाला अठरा फेरे घ्यायची, हे त्याला पाठ होतं. त्याने खिशातलं घड्याळ काढलं. बारा. पुन्हा मोजले. बारा. अठरातले सहा गेले, म्हणजे तिसरा हिस्सा. तीन सीटींपैकी एक मुकी होती.

सीटीच्या लोखंडी पेटीला कंपनीचं कुलूप होतं, पण त्याची चावी त्यात फिरेना. कुलूप तसंच, पण दुसरं. त्याने पाना घालून कडी उचकटली. आत तिसऱ्या सीटीच्या दोन तोंडांवर तांब्याची पत्री बसवलेली होती. नीट, घासून पुसून, जाणत्या हाताने. जी पत्री जीव वाचवायला टाकायची, तीच कुणीतरी चोरीला टाकून ठेवली होती. पाच अँपिअर मीटरकडे न जाता तिच्यातूनच गोल फिरत होते.

तो वाकून बघत असतानाच मागून रावजीचा आवाज आला. "काय सापडलं रं?"

काळूरामचा उजवा हात पेटीच्या चौकटीवर होता. रावजीने पेटीचं दार लाथेने मिटलं. बोटं मोडल्याचा आवाज मोटरच्या आवाजातही ऐकू आला. रावजीने दार उघडलं आणि पुन्हा मिटलं. मग तिसऱ्यांदा, खांद्याचा जोर लावून. काळूराम गुडघ्यावर आला. त्याने डाव्या हाताने रावजीच्या मांडीचं मुठीत मावेल तितकं मांस धरलं, पण आखाड्यातल्या माणसाने त्याला मानेला धरून उकड्याच्या टाकीपर्यंत फरफटत नेलं आणि त्याचं तोंड गरम पाण्याच्या वाफेवर धरलं.

"शिडीवरून पडलास," रावजी म्हणाला. "काय झालं?"

काळूरामने मान मागे ओढली. तोंड आणखी खाली गेलं. भुवया करपल्या.

"शिडीवरून पडलो."

"वेगळं बोललास तर केसर बाजारातनं घरी येयाची न्हाय. तिची वाट मना ठावी हाय."

दवाखान्यात तीन बोटं वाचली, करंगळी आणि शेजारचं बोट कापावं लागलं. तिसऱ्या दिवशी तो रेवदंड्याला घरी आला तेव्हा अंगणात चाळीस माणसं उभी होती. कुणाच्या हातात वल्हं, कुणाच्या कोयता. बातमी हमालांकडून आली होती. होड्या पाण्यात घातल्या होत्या. भरतीवर गिरणीपर्यंत जायला अर्धा तास.

"तू फकस्त हो म्हण," त्याचा चुलता म्हणाला. "गिरणी, पेंढा, धर्माजी, सगलं एका काडीत."

काळूरामची नजर वल्ह्यांवर गेली. त्याने पट्टी बांधलेला हात वर केला. "शिडीवरून पडलो," तो म्हणाला. "कुनी मारलं न्हाय. घरी जा."

केसर उंबऱ्यात उभी होती. "ह्या हाताला शिडी चावली काय?"

"घरी जा सगले."

माणसं गेली. काही थुंकून गेली. केसरने चुलीवरचं कालवणाचं मडकं उचललं आणि अंगणात त्याच्या पायाशी फोडलं. पुढचे वीस दिवस ती त्याच्याशी बोलली नाही. जेवण मात्र वाढायची, आणि त्याचा उजवा हात चालत नाही म्हणून भाताचे घट्ट गोळे करून ताटात ठेवायची.

काळूराम घाबरला होता हे खरं. पण नुसता घाबरला नव्हता. गिरणीवाल्यांना तो दबला असं वाटलं, तर ते पत्री काढणार नाहीत हे त्याला ठाऊक होतं. वीस दिवसांनी त्याने कंपनीच्या इंजिनिअरला बंद खोलीत सगळं सांगितलं. केसर त्या आठवड्यापुरती माहेरी थळला गेली. जाताना तिने विचारलं, "मंग खरं कवा बोलनार व्हतात?" तो म्हणाला, "आज बोललो."

फाल्गुनातल्या एका दुपारी इंजिनिअर, एक हवालदार, दोन शिपाई आणि काळूराम गिरणीत शिरले. मोटर धडधडत होती. धर्माजी लगबगीने पुढे आला. साहेबांना खुर्ची दिली, शहाळं फोडायला सांगितलं, कागद दाखवा म्हणाला, कागद वाचायला चष्मा सापडेना. हे करता करता त्याने एकदाच मान वळवून रावजीकडे पाहिलं. रावजी पोत्यांच्या थप्पीआड नाहीसा झाला.

काळूरामने ते पाहिलं. इंजिनिअरला काही न सांगता तो बाहेरून वळसा घालून मागच्या दाराकडे पळाला. टाक्या नुकत्याच रिकाम्या केल्या होत्या आणि मीटरखोलीच्या फरशीवर उकड्याचं पाणी पसरलं होतं. रावजी त्या पाण्यात अनवाणी उभा होता, पेटी उघडी, हातात पक्कड. काळूराम दारात आला तेव्हा त्यांच्यात आठ-दहा पावलांचं अंतर होतं. रावजीची पाठ त्याच्याकडे होती.

पत्री नुसती काढली असती तर काही झालं नसतं. पाच अँपिअर निमूट मीटरकडे वळले असते. पण पत्री ज्याने बसवली तो मुंबईचा कारागीर केव्हाच निघून गेला होता, आणि रावजीला एवढंच माहीत होतं की इथे जे आहे ते नाहीसं करायचं. त्याने पक्कडीत पत्री आणि मीटरकडे जाणारी तार दोन्ही एकदम पकडली आणि पीळ द्यायला सुरुवात केली. डाव्या हाताने त्याने पेटीची कड धरली होती.

काळूरामला सगळं दिसलं. पक्कड, तार, ओली फरशी, भिंतीवर नव्वदावर थरथरणारा काटा. बाळाजी मिस्त्रींनी तीनदा कानाखाली मारून शिकवलेली गोष्ट त्याच्या जिभेवर होती. थांब, एवढा एकच शब्द होता. तोंड उघडलं नाही. त्याची मोडकी बोटं ठणकत होती. त्याने एक श्वास घेतला. स्क्रू किरकिरला. त्याने दुसरा श्वास घेतला.

मग तो ओरडला, "रावजी, सोड!"

त्याच क्षणी तार तुटली. सुतळी बॉम्ब फुटावा तसा आवाज झाला आणि रावजीच्या मुठीतून निळा-पांढरा जाळ निघाला. त्याची पाठ धनुष्यासारखी ताणली. पक्कड सुटेना. घशातून आवाज येत होता, पण तो माणसाचा वाटत नव्हता. काळूराम पाण्याबाहेरच्या लाकडी फळीवर उडी मारून मुख्य स्विचकडे धावला, डाव्या हाताने दांडा खाली ओढला. मोटर गुरगुरत थांबली. रावजी तोंडावर पडला. त्याच्या दोन्ही हातांतून धूर येत होता, आणि खोलीत भाजक्या मांसाचा वास उकड्या भाताच्या वासात मिसळला.

हवालदार आला, इंजिनिअर आला, मागून पांढरा पडलेला धर्माजी आला. कुणीतरी रावजीला उलटा केला, कुणीतरी छातीवर दाब दिला. काही उपयोग झाला नाही. सुटलेल्या पत्रीचा तुकडा अजून पक्कडीच्या जबड्यात होता.

पंचनाम्यात सगळं साफ होतं. मयत चोरीचा पुरावा नष्ट करताना स्वतःच्या कृतीने मेला. मामलेदार कचेरीत जबानी झाली तेव्हा काळूरामने दारात आल्यापासून सांगायला सुरुवात केली, आणि मग म्हणाला, "मी लगेच ओरडलो नाही. दोन श्वास थांबलो."

कारकुनाचा टाक थांबला. "भीतीने?"

"नाही. तो काय करतोय ते मला दिसत होतं. त्याचं काय होईल तेही कळत होतं."

मामलेदारांनी त्याच्या पट्टीतल्या हाताकडे पाहिलं. "दोन श्वास म्हणजे काय, दोन सेकंद. हे लिहायचं कारण नाही."

"लिहा साहेब."

"साक्षीदार गोंधळला होता, असं लिहा," मामलेदार कारकुनाला म्हणाले. काळूराम पुन्हा म्हणाला की तो गोंधळला नव्हता. ते लिहिलं गेलं नाही.

पण कचेरीच्या व्हरांड्यात रावजीची बायको गोदू बसली होती आणि दार उघडं होतं. काळूराम बाहेर पायऱ्यांवर आला तेव्हा तिने अंगणातला मुठीएवढा दगड उचलला होता. पहिला घाव कपाळावर बसला. तो हलला नाही. दुसरा डोळ्याच्या वर बसला आणि भुवई फाटली. दर घावाबरोबर तिच्या तोंडातून नुसता हुंकार येत होता, मुसळ मारताना येतो तसा. केसर गर्दीतून धावत आली आणि तिने गोदूचा अंबाडा धरून तिला खाली ओढलं. दोघी धुळीत लोळल्या. केसरने तिच्या तोंडावर दोन गुद्दे घातले, तिसऱ्याला हात उचलला, तेव्हा काळूरामने तो वरच्यावर धरला. फाटल्या भुवईचं रक्त त्याच्या डोळ्यांत आलं होतं, त्याला बायको नीट दिसतही नव्हती.

"सोड तिला."

"तुमाला मारते ती!"

"मारू दे. मी आत बोललो ते आयकलंय तिनं."

शिपायांनी दोघींना वेगळं केलं.

त्या दिवसानंतर केसरने त्याला कधी दोन श्वासांबद्दल विचारलं नाही. तिचं मत पक्कं होतं. एकदाच ती मासळी साफ करता करता म्हणाली, "मी असते तर दहा थांबले असते," आणि सुरी चालवत राहिली. कोळीवाड्यात त्याचं नाव वाढलं. चुलता म्हणाला, वल्हं न उचलता काळूरामने हिशेब चुकता केला. हे ऐकलं की काळूराम तिथून उठून जायचा. ज्यांनी हरेश्वरला मारलं त्यांच्या गावातही असंच कुणाचं तरी नाव वाढलं असेल, हे त्याच्या मनातून जाईना.

धर्माजीला शिक्षा झाली. गिरणीची लाईन तोडली, वर्षभराने ती दुसऱ्या मालकाच्या नावाने जोडली गेली. जोडायला काळूरामच गेला. हातात तीन बोटं, पण काम त्याच्याइतकं नेटकं कुणाचं नव्हतं. गिरणीतल्या प्रत्येक माणसाला, हमालांना आणि पाखडणाऱ्या बायकांनासुद्धा, त्याने मीटरखोलीत बोलावून पेटी दाखवली आणि इथे हात लावला तर काय होतं ते सांगितलं. मालकाला ते आवडलं नाही. काम खोळंबतं म्हणाला.

सदतीसच्या उन्हाळ्यात एका सकाळी गोदू रेवदंड्याला आली. नऊ मैल चालून आली होती. केसर अंगणात बोंबील वाळत घालत होती. तिने गोदूला ओळखलं आणि हातातली काठी खाली ठेवली नाही. काळूराम बाहेर आला.

गोदू बसली नाही. तीन वर्षांत ती निम्मी झाली होती. "येक इचारायचं हाय," ती म्हणाली. "तू आल्या आल्या वरडला असतास, तर त्यो थांबला असता?"

तिला बरं वाटेल असं बोलता आलं असतं, आणि त्याला स्वतःला बरं वाटेल असंही.

"ठावं न्हाय," तो म्हणाला. "त्यानं माझं कवा आयकलं नसतं. माझा आवाज आयकून आनखी घाई केली असती, असंबी व्हईल. पर थांबलाबी असता. ते मना ठावं न्हाय, तुलाबी कळायचं न्हाय. मी वरडायला पायजे व्हतं, येवढं ठावं हाय."

"त्याला लय दुखलं का?"

"व्हय."

"किती येळ?"

"मी दांडा वढेस्तोवर. धा-बारा सेकंद."

गोदूने मान हलवली. तिने केसरकडे पाहिलं, मग वाळत घातलेल्या बोंबलांच्या ओळींकडे. ऊन चढलं होतं आणि तिच्या कपाळावरून घाम ओघळत होता. केसरने तिला पाणी विचारलं नाही. गोदूनेही मागितलं नाही. पदर डोक्यावर घेऊन ती आल्या वाटेने चौलकडे चालू लागली.